दम धरणारे मूल आणि शब्द पाळणारे घर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. तुम्ही दोघेही नोकरी करता आणि दुपारभर मुले आजीआजोबांजवळ असतात. हातातला मोबाईल काढून घेतला की मुलगा आदळआपट करतो. मुलगी समोर व्हिडिओ लावल्याशिवाय घास घेत नाही. गेल्या महिन्यात मुलाने तुमच्या फोनवर वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या फोटोचे स्टिकर बनवून मित्रांच्या ग्रुपवर टाकले, सगळे हसले, आणि तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. याच सुमारास तुम्ही इंटरनेटवर पाहिलेली चॉकलेटची परीक्षा घरी घेतली. समोर एक चॉकलेट ठेवून ‘15 मिनिटे थांबलास तर दुसरे मिळेल’ असे सांगितले, आणि मुलाने तिसऱ्याच मिनिटाला ते तोंडात टाकले. ‘याच्यात संयमही नाही आणि दुसऱ्याची कदरही नाही, हे मोबाईलमुळे झाले की आमच्यामुळे?’ असे तुम्ही विचारले आहे.

चॉकलेटपासूनच सुरुवात करते, कारण तुमची सर्वांत जास्त धास्ती त्यावर उभी आहे आणि त्या धास्तीला सर्वांत कमी आधार आहे. हे प्रयोग मुळात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केले. पुढे त्याच मुलांचा मागोवा घेतला तेव्हा अधिक वेळ थांबलेली मुले अभ्यासात आणि वागण्यात उजवी निघाल्याचे दिसले, आणि नेमका तेवढाच भाग जगभर पसरला. 2018 साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील 900 हून अधिक मुलांची माहिती तपासली. तेव्हा थांबण्याचा काळ आणि पुढची प्रगती यांच्यातला संबंध मूळच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती व मुलाची लहानपणची आकलनशक्ती लक्षात घेतल्यावर त्यातलाही बराचसा विरून गेला. म्हणजे तिसऱ्या मिनिटाला खाल्लेल्या चॉकलेटवरून तुमच्या मुलाचे भविष्य वाचता येत नाही. शिवाय ती परीक्षा बालवाडीतल्या मुलांसाठी होती. 9 वर्षांच्या मुलाने ‘आईचा काहीतरी प्रयोग चालला आहे’ हे ओळखून ती मोडीत काढली असण्याचीही शक्यता आहे.

त्याच परीक्षेवरचा आणखी एक प्रयोग मात्र प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा असा आहे. 2013 साली रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी 28 लहान मुलांचे दोन गट केले. खाऊची परीक्षा घेण्यापूर्वी मुलांना चित्रकलेचे साहित्य दिले आणि ‘जरा थांब, मी याहून चांगले रंग घेऊन येते’ असे सांगितले. एका गटाला खरोखरच चांगले रंग आणून दिले. दुसऱ्या गटातल्या मुलांना रिकाम्या हाताने परत येऊन ‘माफ कर, आमच्याकडे नाहीतच’ असे सांगितले. स्टिकरच्या बाबतीतही तसेच केले. त्यानंतर खाऊ समोर ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांना हुलकावणी मिळाली होती ती सरासरी 3 मिनिटे. पहिल्या गटातल्या 14 पैकी 9 मुलांनी पूर्ण 15 मिनिटे काढली, दुसऱ्या गटातल्या फक्त एकाने. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ही सगळी मुले सारखीच होती, आणि समोरच्या मोठ्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही, एवढाच काय तो फरक त्यांच्यात पडला होता.

आता हे तुमच्या घराला लावून पाहा. ‘जेवण झाल्यावर देते’ असे म्हणून जेवणानंतर ‘आता उशीर झाला, उद्या बघू’ असे किती वेळा होते? ‘रविवारी बागेत नेतो’ म्हटल्यानंतर किती रविवार पाहुण्यांत किंवा ऑफिसच्या कामात जातात? आणि उलट बाजूनेही मोजा: ‘अजिबात मिळणार नाही’ असे ठणकावून सांगितलेला फोन दहा मिनिटांच्या रडण्यानंतर किती वेळा हातात पडतो? यात भर म्हणजे घरोघरी चालणारी कारणे: मोबाईल बिघडला, नेट संपले, बॅटरी उतरली, पोलीसकाका ओरडतील. तीन वर्षांच्या मुलालासुद्धा थोड्याच दिवसांत कळते की बिघडलेला मोबाईल मावशीचा फोन आला की लगेच नीट होतो. अशा घरात ‘थांब’ या सांगण्यावर विसंबून बसणारे मूल भाबडे ठरेल. हातात आले ते लगेच घेऊन टाकणारे मूल व्यवहारी ठरेल. ज्याला आपण संयमाचा अभाव म्हणतो तो पुष्कळदा मुलाने घरच्या अनुभवावरून काढलेला अगदी बरोबर निष्कर्ष असतो. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला मोबाईलबद्दल नाही. पुढचे काही आठवडे मुलांना कमी शब्द द्या, आणि दिलेला प्रत्येक शब्द पाळा, मग तो देण्याचा असो की न देण्याचा. ‘बघू’ म्हणायचे असेल तर ‘कधी बघू’ हेही सांगा. एखादा शब्द पाळता आला नाहीच, तर ते न झाल्याचे स्वतःहून सांगा आणि त्याबदली काय करणार तेही सांगा. मूल विसरले असेल या आशेवर बसू नका, ते विसरत नाही.

मिशेलच्या प्रयोगांतला जो भाग लोकांपर्यंत पोहोचलाच नाही, तो असा की टिकून राहणारी मुले दात-ओठ खाऊन खाऊकडे बघत बसलेली नव्हती. ती तोंड फिरवत, गाणे म्हणत, हातापायांशी खेळत, स्वतःशी बडबडत. खाऊ झाकून ठेवला की त्याच मुलांना जास्त वेळ थांबता येई. संयम म्हणजे मनगटातली ताकद अशी आपली समजूत असते, पण लहान वयात तो बव्हंशी नजर आणि मन दुसरीकडे वळवण्याचे कसब असतो, आणि कसब असल्यामुळे तो शिकवता येतो. मनाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यामुळे 9 वर्षांच्या मुलासमोर टीपॉयवर फोन ठेवून ‘हात लावायचा नाही’ असे बजावणे म्हणजे तोवर न घडलेल्या गोष्टीची परीक्षा घेणे आहे. फोन कपाटात किंवा मोठ्यांच्या खोलीत चार्जिंगला लावा. दिसत नाही त्याची आठवण कमी होते, आणि ज्याची आठवण कमी त्याच्याशी झुंजही कमी.

आता आदळआपटीबद्दल. फोन काढून घेण्याचा क्षण हा घराघरांत दिवसातला सर्वांत वाईट क्षण असतो, आणि तो बराचसा आपणच वाईट केलेला असतो. मूल खेळाच्या किंवा व्हिडिओच्या मध्यावर असते, आपण स्वयंपाकघरातून तीनदा ओरडतो, चौथ्यांदा येऊन फोन हिसकावतो. वेळ घड्याळावर न ठरवता एखाद्या तुटत्या ठिकाणी ठरवा: दोन भाग, एक सामना, एक फेरी. संपण्याच्या थोडे आधी शेजारी जाऊन बसा, काय चालले आहे ते विचारा, शेवटचा भाग त्याच्याबरोबर पाहा, आणि फोन त्यालाच बंद करू द्या. स्वतःच्या हाताने बंद करणे आणि हातातून जाणे यांत मुलाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. त्यानंतर लगेच करायचे काहीतरी आधीच ठरलेले असावे, आणि ते ‘आता अभ्यासाला बस’ नसावे. पडद्याच्या शेवटी रोज अभ्यास उभा असेल, तर पडदा सोडण्याची कोणाला घाई होईल?

एवढे करूनही सुरुवातीला तो चिडेल. चिडू द्या. त्या वेळी लांब व्याख्यान देऊ नका, मारू नका, आणि गप्प करण्यासाठी तोच फोन परत देऊ नका. मिशिगन विद्यापीठातील जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांचा सहा महिने पाठपुरावा केला होता. त्यात रडणे-चिडणे शांत करण्यासाठी वारंवार मोबाईल दिला जात असे त्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि मुळातच चळवळ्या मुलांमध्ये, पुढे भावनांचा भडका लवकर उडताना दिसला. कारण समजण्यासारखे आहे. राग आला, तो अंगावर घेतला, आणि तो ओसरला, हा अनुभव मुलाला शेकडो वेळा यावा लागतो, तेव्हा कुठे ‘राग ओसरतो’ हे त्याच्या अंगी मुरते. प्रत्येक वेळी मधेच पडदा आला, तर तो शेवट त्याला कधी दिसतच नाही. ‘तुला राग आला आहे, मी इथेच आहे, फोन मात्र उद्या’ एवढे वाक्य पुरे, आणि ते दर वेळी तेच असावे.

तुमच्या मुलीच्या जेवणाचा प्रश्न त्याहून सोपा आहे, फक्त पहिला आठवडा कठीण जातो. व्हिडिओ बघत जेवणारे मूल जेवत नसते, त्याच्या तोंडात अन्न जात असते. भूक लागली कधी आणि पोट भरले कधी, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. मधले चरणे, विशेषतः दूध आणि बिस्किटे, कमी करा, तिला सगळ्यांबरोबर पंगतीला बसवा, ताटात थोडे वाढा, हाताने खाऊ द्या, सांडू द्या, आणि अर्ध्या तासाने ताट उचला. एरवी निरोगी असलेले मूल एखाद्या जेवणाला कमी जेवले तर बिघडत नाही. वजन मुळातच कमी असेल किंवा आजार असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार 2 वर्षांखालील मुलांना बसून पडदा दाखवूच नये, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास असाच आहे. हे आकडे उपयोगी आहेत, पण माझ्या मते पालक त्यांना फार कवटाळून बसतात. आजीबरोबर बसून अर्धा तास पाहिलेली, मधे थांबून ‘हा कुठला पक्षी?’ असे विचारत पाहिलेली फीत आणि एकटीने कोपऱ्यात पाहिलेला अर्धा तास, यांची बेरीज एकाच रकान्यात करता येत नाही.

आजीआजोबांना दोष देऊन काही साधणार नाही. सत्तरीच्या माणसाला दुपारभर दोन मुलांमागे धावणे झेपत नाही, आणि फोन दिला की घर शांत होते, हे त्यांना तुमच्याइतकेच कळते. नियम त्यांच्यावर लादण्यापूर्वी त्यांच्याशी बसून ठरवा: दुपारी कोणती वेळ सर्वांत अवघड जाते, तेवढ्यापुरता कोणता कार्यक्रम टीव्हीवर लावायचा. मोठ्या खोलीतला टीव्ही हा हातातल्या फोनपेक्षा पुष्कळ बरा, कारण तो सगळ्यांना दिसतो, कार्यक्रम संपतो, आणि बोटाने सरकवता येत नाही. नियम तुमच्याकडे आणि आजीआजोबांकडे सारखाच असला पाहिजे. ‘आईला सांगू नकोस हं’ असे म्हणून दिलेला फोन लाडाचा वाटतो, पण त्यातून मूल लपवणे शिकते.

यंत्राकडेही जरा नीट पाहू. ‘आमच्या वेळी आम्ही टीव्ही बघून उठायचो की’ असे वडीलधारे म्हणतात ते खरे आहे, पण तेव्हाचा कार्यक्रम साडेसातला सुरू होऊन आठला संपत असे. आताच्या व्हिडिओला शेवट नसतो. एक संपण्याआधी दुसरा रांगेत उभा असतो, पान कितीही सरकवले तरी तळ लागत नाही, आणि पुढचा व्हिडिओ कंटाळवाणा निघेल की धमाल, हे आधी कळत नाही. अनिश्चित बक्षिसाची ही ओढ प्राणिमात्रांत किती चिवट असते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांत फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. तेव्हा मुलाच्या संयमाची लढत एका खेळण्याशी नाही. माणसाला थांबू न देणे हेच ज्यांचे काम आहे अशा अनेक हुशार लोकांच्या मेहनतीशी ती आहे. तिथे त्याला एकटे उभे करू नका. व्हिडिओ आपोआप पुढे सरकण्याची सोय बंद करा, सूचनांचे आवाज बंद करा, छोट्या रील दाखवणारी ॲप मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ठेवूच नका, आणि पाहायचे ते आधी निवडून उतरवून ठेवा. अँड्रॉइड फोनवर गूगलचे फॅमिली लिंक वापरून वेळेची मर्यादा, झोपेची वेळ आणि नवीन ॲपसाठी परवानगी लावता येते; आयफोनमध्ये स्क्रीन टाइम नावाची तशीच सोय आहे. हे लपूनछपून करू नका. मुलाला शेजारी बसवून, का करतो ते सांगून करा. चोरून पाळत ठेवणाऱ्या ॲपच्या मी विरोधात आहे. ती सापडतात, आणि सापडली की मूल मित्राच्या फोनकडे वळते.

या उत्तरातला सर्वांत अवघड भाग आता येतो, कारण तो तुमच्याबद्दल आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमधील खाद्यगृहांत लहान मुलांसह जेवायला आलेल्या 55 पालकांचे नुसते निरीक्षण केले. त्यांपैकी 40 जणांनी जेवताना फोन वापरला, आणि जे फोनमध्ये सर्वाधिक गुंतलेले होते त्यांच्यापैकी काहींनी मुलांच्या बोलण्याला उशिरा किंवा तुसडेपणाने प्रतिसाद दिला. आपल्याकडे असे निरीक्षण करायला खाद्यगृहात जाण्याचीही गरज नाही. मूल शाळेतली हकिगत सांगत असते, आई ‘हं’ म्हणते, बाबा ‘दोन मिनिटं, ऑफिसचं आहे’ म्हणतात, आणि ते खरोखरच ऑफिसचे असते. मुलाला मात्र ऑफिस आणि रील यांतला फरक दिसत नाही. त्याला वाकलेली मान दिसते.

याबाबतीत महाराष्ट्रातल्याच दोन गावांचे निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेले फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात, तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवले की रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजेल आणि 8.30 पर्यंत गावातले सगळे टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळींनी ती हसण्यावारी नेली. गावातल्या बायकांनी मात्र आपण मालिकांत अडकलो आहोत हे मान्य करून ती उचलून धरली, आणि सुरुवातीच्या काळात घरोघरी जाऊन लोकांना समजवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने 18 वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची काळजी खरी होती, आणि बांशीच्या पालकांची हतबलता मला पूर्ण समजते. पण घरासाठी नमुना निवडायचा झाला तर मी वडगावचा निवडेन. तिथे नियम वयाला लावलेला नाही, वेळेला लावला आहे. भोंगा वाजला की आजोबांचा टीव्हीही बंद होतो आणि बाबांचा फोनही. मुलाच्या वाट्याला शिक्षा येत नाही, सगळ्यांच्या वाट्याला रिकामी संध्याकाळ येते. दुसरे म्हणजे तो नियम दीड तासापुरता आहे. त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे, आणि 8.30 नंतर काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक आहे. वर सांगितलेल्या रॉचेस्टरच्या प्रयोगातला विश्वास याहून वेगळा नाही.

शहरात भोंगा वाजवता येणार नाही, पण घरात घड्याळ आहे. दिवेलागणीची किंवा जेवणाची, जी वेळ तुम्हा दोघांनाही रोज साधेल अशी एक निवडा. दीड तास जमत नसेल तर पाऊण तास घ्या, पण सगळ्यांचे फोन एका टोपलीत जाऊ द्या, तुमचाही. ऑफिसची निकड असेल तर आवाज चालू ठेवून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घंटी वाजली तर उठून जाऊन घ्या. पहिल्या काही दिवसांत त्या वेळेत काय करायचे हे कोणालाच सुचणार नाही, मुले ‘कंटाळा आला’ म्हणतील, आणि तो कंटाळा मोडायला तुम्ही धावून जाल. धावू नका. पत्ते, पाढे, भाजी निवडणे, आजोबांच्या जुन्या गोष्टी, शेजाऱ्यांकडे चक्कर, यांतले काहीतरी आपोआप त्या जागेत शिरते, आणि बहुतेक घरांत पहिले भांडणही त्याच वेळेत होते. ते होऊ द्यावे. बहीणभावांचे समोरासमोरचे भांडण हा दुसऱ्याचे मन ओळखण्याचा फुकट मिळणारा वर्ग आहे.

हे शेवटचे वाक्य मी गमतीने लिहिलेले नाही. कॅलिफोर्नियात सहावीच्या सुमारे 50 मुलांना पाच दिवस निसर्ग शिबिरात कोणत्याही पडद्याविना ठेवले, आणि तेवढ्याच दुसऱ्या मुलांचे दिनक्रम नेहमीसारखे चालू दिले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिबिरातल्या मुलांची चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून भावना ओळखण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारली. ती मुले त्या पाच दिवसांत सहानुभूतीचे धडे गिरवत नव्हती. एकमेकांची तोंडे बघत होती. अभ्यास लहान आहे आणि शिबिराच्या मौजेचाही त्यात वाटा असेल, तरी रोजच्या अनुभवाशी तो जुळतो.

यावरून तुमच्या मुलाच्या स्टिकरकडे येऊ. त्याने जे केले ते वाईट होते, आणि ते त्याला सांगितले पाहिजे. पण तो दुष्ट आहे असा निष्कर्ष काढू नका. त्याने तेच वर्गात, त्या मुलाच्या समोर उभे राहून केले असते, तर पहिल्याच क्षणी समोरचा पडलेला चेहरा त्याला दिसला असता आणि बहुधा दुसरे वाक्य त्याच्या तोंडून निघाले नसते. ग्रुपवर त्याला फक्त हसणारी तोंडे परत आली. मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञाने मुलांना शिस्त लावण्याच्या पद्धतींचा आयुष्यभर अभ्यास केला. नुसत्या धाकाने किंवा माया काढून घेऊन केलेल्या शिक्षेपेक्षा, ‘तुझ्या या कृतीने त्याला काय झाले’ याकडे मुलाचे लक्ष वळवणारी शिस्त मनात अधिक खोल रुजते, हा त्यांच्या कामाचा गाभा आहे. तेव्हा ‘माझी मान खाली घातलीस’ हे वाक्य टाळा, कारण त्यात तुमची मान आहे, त्या मुलाचे दोन दिवस नाहीत. ‘तो दोन दिवस घरी बसून काय विचार करत असेल? पुन्हा वर्गात शिरताना त्याला कसे वाटले असेल?’ असे विचारा आणि उत्तरासाठी थांबा. लगेच उत्तर आले नाही तरी प्रश्न आत पोहोचतो.

त्यानंतर भरपाई. ग्रुपवर ‘सॉरी’ लिहायला लावू नका. ज्या माध्यमात चेहरा दिसला नाही तिथेच माफीही उरकली जाते. आधी त्या मुलाच्या आईवडिलांशी तुम्ही बोला, त्यांची आणि मुलाची तयारी असेल तर तुमच्या मुलाला घेऊन जा, आणि त्याला स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. अडखळत बोलणाऱ्या मुलाशी बोलताना त्याचे वाक्य आपण पूर्ण करायचे नाही, थांबायचे, हेही जाण्यापूर्वी त्याला सांगा. थांबण्याचा याहून चांगला सराव नाही. ग्रुपवर ज्यांनी ते स्टिकर पाहिले त्यांना मात्र ‘हे मी चुकीचे केले, तुम्हीही काढून टाका’ असे त्याने कळवावे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: तो ग्रुप तुमच्या क्रमांकावर चालतो. व्हॉट्सॲपच्या सर्वसाधारण खात्यासाठी किमान वय 13 आहे. आईच्या फोनवरून चालणारा चौथीच्या मुलांचा ग्रुप म्हणजे कोणाच्याच देखरेखीत नसलेले मैदान आहे, आणि तो बंद करण्याबद्दल इतर पालकांशी बोलण्याचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे.

इथे एक जरा तिखट गोष्ट बोलते. मूल रडताना, पडताना, बोबडे बोलताना त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकणारी घरे मला सतत भेटतात. त्या मुलाला कोणी विचारलेले नसते. दुसऱ्याची फजिती ही पाहण्याची आणि पाठवण्याची वस्तू आहे, हे त्याने शाळेत शिकलेले नसते. आजपासून फोटो टाकण्यापूर्वी मुलांना विचारा, आणि ‘नको’ म्हणाली तर टाकू नका. 4 वर्षांच्या मुलीलाही नको म्हणता येते.

इतरांची कदर करणारे मूल हवे म्हणून अनेक पालक बक्षिसांचे तक्ते लावतात: बहिणीला खेळणे दिले की एक तारा, पाच ताऱ्यांना वीस मिनिटे मोबाईल. यापासून दूर राहा. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले आहे की दीड वर्षाची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात. आणि 2008 सालच्या त्यांच्याच प्रयोगात, अशा मदतीबद्दल वस्तूचे बक्षीस मिळालेली 20 महिन्यांची मुले पुढे बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. मदतीची ऊर्मी मुळात असते. आपण तिला मजुरी ठरवून देतो. त्याऐवजी मुलाला घरात एक खरे काम द्या, ज्याच्यावाचून कोणाचे तरी अडेल: पाणी भरून ठेवणे, आजोबांच्या गोळ्यांची आठवण करणे, बहिणीचे दप्तर भरणे. ते एखाद्या दिवशी राहिले, तर ज्याचे अडले त्यालाच त्याबद्दल मुलाशी बोलू द्या. मधे पडू नका.

काही वेळा घरचे उपाय पुरत नाहीत. मोबाईलवरच्या खेळांवर ताबाच उरला नाही, झोप, जेवण, अभ्यास, मित्र या सगळ्यांपुढे खेळ गेला, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच राहिला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची विकार म्हणून नोंद आहे; साधारणपणे 12 महिने असे चालले तरच ते निदान होते. तुमच्या पत्रावरून तुमचा मुलगा त्याच्या जवळपासही नाही. पण मूल महिनोन्‌महिने उदास असेल, शाळेत जायलाच तयार नसेल, फोन काढल्यावर स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर वाट पाहू नका. 14416 या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याबद्दल सल्ला देणारी दूरध्वनी सेवा मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापराच्या प्रश्नांसाठी 2014 पासून स्वतंत्र उपचार केंद्र चालते. चंचलपणा, अभ्यासातली विशिष्ट अडचण किंवा एकटेपणा यांमुळे मूल पडद्यामागे लपत असते, असेही मी अनेकदा पाहते. अशा वेळी पडदा काढून घेतला तरी मूळ दुखणे तिथेच राहते.

तुमच्या यजमानांनी शेवटी विचारले आहे की पाचवीत गेल्यावर मुलाला स्वतःचा फोन द्यावा का, कारण शिकवणीला एकटा जाईल. निरोपापुरता हवा असेल तर साधा बटणांचा फोन द्या, तो स्वस्त आहे आणि त्याची बॅटरीही अधिक टिकते. स्मार्टफोन देण्याचा दिवस येईल तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून देऊ नका. भेट परत मागता येत नाही. घरचा फोन आहे, तुला वापरायला दिला आहे, रात्री अमुक वाजता तो बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागेल, असे सांगून द्या, आणि त्याच चार्जरशेजारी तुमच्या दोघांच्या चार्जरसाठीही जागा करा.